उघडणाऱ्या छताची गाडी

लोणीकाकांना आयुष्यात कुणी हौशी म्हटलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी लांब पल्ल्याची बस चालवली, आणि तेवढ्या काळात स्वतःसाठी काय घेतलं असं विचारलं तर एक थर्मास आणि कमरेमागे ठेवायची एक उशी, एवढीच यादी निघाली असती. चपलेचा अंगठा तुटला तर तो तीनतीनदा शिवून आणायचे. असा माणूस बासष्टाव्या वर्षी शोरूमच्या चकचकीत फरशीवर उभा राहून म्हणाला, "घ्यायची तर टॉप मॉडेल. ते छत उघडणारं. नाहीतर गाडीच नको."

मुलगा त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. सूनबाईंना हसू आवरेना, म्हणून त्यांनी माहितीपत्रक तोंडासमोर धरलं. निळा टाय लावलेला विक्रेता तेवढा खूश झाला. त्याच्या धंद्यात अशी म्हातारी माणसं रोज कुठे भेटतात!

"बाबा, छत उघडून बघायचंय काय तुम्हाला?" मुलगा म्हणाला.

"आभाळ," लोणीकाका म्हणाले. "एकतीस वर्षं पत्र्याखाली बसलो. आता जरा आभाळ बघतो."

वाक्य झकास होतं, आणि सपशेल खोटं होतं. आभाळाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. त्या टॉप मॉडेलमधली त्यांना हवी असलेली गोष्ट छतात नव्हती, खाली होती. तिथे क्लच नव्हता आणि गियर बदलायची भानगड नव्हती. ही गाडी तीन प्रकारांत यायची. खालच्या मॉडेलला चार चाकं आणि एक स्टिअरिंग, बाकी तुमचं नशीब. मधल्याला समोर टीव्हीसारखा पडदा, मागचं दाखवणारा कॅमेरा, मागच्या सीटला गार हवा. आणि वरच्याला उघडणारं छत, चामड्यासारख्या सीट, आणि गियर आपोआप पडणारे. खालची दोन्ही मॉडेलं फक्त गियरवाली मिळायची, आणि वरचं फक्त ऑटोमॅटिक. म्हणून वरचं. कारण लोणीकाकांच्या डाव्या हाताची मूठ मिटत नव्हती.

ही गोष्ट चार महिन्यांपूर्वीची. एका सकाळी उठले तर डावा हात दुसऱ्याच कुणाचा तरी असल्यासारखा अंगाखाली पडलेला. दुपारपर्यंत खांदा परत आला, कोपर परत आलं, बोटं मात्र आली नाहीत. वाकायची, पण पकडायची नाहीत. दुसऱ्या दिवशी चहाचा कप सुटला, तेव्हा बायकोला सांगितलं, "हातावर झोपलो होतो." मग ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा लांबच्या दवाखान्यात एकटेच जाऊन आले. तिथला डॉक्टर म्हणाला, मेंदूला छोटासा झटका येऊन गेलाय, गोळ्या चालू ठेवा आणि सध्या गाडी चालवू नका. काकांनी त्यातलं 'सध्या' तेवढं उचललं आणि बाकीचं तिथेच ठेवून घरी आले.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, सांगून टाकायचं होतं. शहाण्या माणसांना असं म्हणायला काय जातं? डेपोत या माणसाला 'लोणी' म्हणायचे ते अंगकाठीवरून नव्हे, अंगावर मांस कुठे होतं! त्यांचा गियर लोण्यात सुरी जावी तसा पडायचा म्हणून. नव्या ड्रायव्हरांना त्यांच्या शेजारी बसवून सांगायचे, डोळे मिट आणि दुसऱ्याचा तिसरा कधी झाला ते ओळख. कुणाला ओळखता यायचं नाही. आणि जिभेला हाड नव्हतं ते वेगळंच. शेजारच्यांनी ऑटोमॅटिक गाडी आणली तेव्हा जिन्यात चार माणसांसमोर काका म्हणाले होते, "हातपाय धड असलेल्या माणसाला असली गाडी कशाला लागते हो?" उचलली जीभ लावली टाळ्याला. आता तीच गाडी आपल्याला का हवी हे कुठल्या तोंडानं सांगणार?

आणि गाडी तर हवीच होती. काकूंची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. दिवसाआड सकाळी सातला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात डायलिसिस, चार तास. मुलगा पहाटे कारखान्यात जायचा, सूनबाई औषधांच्या दुकानाचं शटर उघडायच्या. भाड्याच्या गाड्या ऐन वेळी येत नसत. एकदा परत येताना काकूंना उलटी झाली, तर ड्रायव्हरनं दोघांना पुलाच्या तोंडाशी उतरवलं आणि सीट पुसायचं फडकं काकूंच्याच हातात दिलं. त्यांनी सीट पुसून दिली. पुढच्या खेपेला म्हणाल्या, "आज नको. एक दिवस चुकला तर काय होतंय?" तिसऱ्या दिवशी श्वास लागला आणि त्यांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. एक दिवस चुकला तर काय होतं ते घराला कळलं. आणि हात जायच्या आदल्याच महिन्यात काका सगळ्यांसमोर बोलून बसले होते, "गाडी घ्या. मी नेतो तिला. एकतीस वर्षं लोकांच्या बायका नेल्या, आता माझी नेतो."

म्हणून ते एका दुपारी कुणाला न सांगता शोरूममध्ये गेले आणि वरचं मॉडेल चालवून पाहिलं. शेजारी तोच टायवाला. काकांनी डावा हात मांडीवर टाकला आणि उजव्या हातानं गाडी रस्त्यावर काढली. सिग्नल, वळण, चढ, पुन्हा सिग्नल. डावा हात मांडीवर गुमान बसून राहिला, त्याची कुणाला गरजच पडली नाही. परत येताना काकांचे डोळे भरून आले. टायवाल्याला वाटलं, छताचा परिणाम.

"हेच," काका म्हणाले. "दुसरं दाखवूच नका."

घरी मात्र छतावरून रोज वाद. मुलगा म्हणे, मधलं घेऊ, त्यात सगळं आहे. सूनबाई म्हणत, कॅमेरा महत्त्वाचा, मागचं दिसतं. काका एकच पालुपद धरून बसले, छत, छत. कॉलनीत टिंगल झाली. सासऱ्यांना म्हातारचळ लागलाय असं सूनबाई माहेरी फोनवर हळूच म्हणाल्या, ते काकांनी ऐकलं आणि गिळलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पण काका मनात म्हणत होते, हसा. वेडा म्हणा, हौशी म्हणा, फक्त लुळा म्हणू नका. शेवटी मुलगा विरघळला. "बाबांनी जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलंय," म्हणाला आणि गाडी बुक करायला एकटाच गेला.

तिथे काय झालं ते काकांना पुढे कळलं. टायवाला म्हणाला, वरच्या मॉडेलला अडीच महिने थांबावं लागेल. मुलगा म्हणाला, अडीच महिने आईचं काय? मग टायवाल्यानं आवाज उतरवून सांगितलं की मधल्या मॉडेलची एक खास आवृत्ती आलीय, छत उघडतं, हवा त्या रंगात तयार उभी आहे, चार दिवसांत घेऊन जा. फक्त गियरवाली आहे.

"मग तर देवच पावला!" मुलगा म्हणाला. "आमच्या बाबांना बिनगियरची गाडी म्हणजे खेळणं वाटतं."

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, बाबांना बोलू नको, त्यांना आयती गंमत दाखवू.

गाडी आली तेव्हा तिच्या नाकावर लाल रिबिनीचा भलामोठा फुगा बांधलेला होता. काकू खुर्ची टाकून खाली बसल्या होत्या. मुलानं किल्ली बापाच्या उजव्या हातात ठेवली. काका दार उघडून आत बसले, सीट पुढे ओढली, आणि सवयीनं पाय खाली नेले. तीन पेडलं. ते पुन्हा खाली वाकून बघतात तो तीनच. शेजारी काळा चकचकीत गियर, त्याच्या गळ्यात रिव्हर्ससाठी वर ओढायची कडी.

"ही... ही कुठली?"

"छत बघा ना आधी!" मुलानं बटण दाबलं. छत सरकलं, वर निळं आभाळ उघडलं. "आणि गियरची आहे, तुमच्या आवडीची. टॉपमध्ये ती मिळतच नाही म्हणे. तुमच्यासारख्या माणसानं ते खेळणं चालवायचं म्हणजे काय! खूश ना?"

काका वर बघत राहिले, कारण खाली बघवत नव्हतं. त्या क्षणी बोलले असते तरी चाललं असतं. पण मुलाचा चेहरा लहानपणी बसच्या बॉनेटवर बसायचा तेव्हासारखा झाला होता, सूनबाई फोटो काढत होत्या, शेजारचे गॅलरीत आले होते. आणि गाडी नावावर चढली होती, ती आता कोण परत घेणार?

"झकास," काका म्हणाले.

पुढचे दोन दिवस त्यांनी इमारतीखाली उभ्या गाडीत काढले. घरच्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं मन भरत नाहीये. ते क्लच दाबून गियर टाकून बघत होते. पहिला आणि तिसरा पुढे ढकलायचा, तो तळहाताच्या उशीनं जायचा. दुसरा आणि चौथा मागे ओढायचा, तिथे बोटं लागतात. त्यांनी जुन्या बॅगेचा पट्टा कापून गियरला फास बांधला आणि मनगट त्यात अडकवून ओढलं. आला! वीस वेळा केलं, सतरा वेळा आला. रिव्हर्सची कडी मात्र वर उचलली जाईना. तिथे ते उजवा हात आडवा नेत. आपण हे बायकोला शेजारी बसवून करणार आहोत, हा विचार आला की घाम फुटायचा. मग दुसरा विचार यायचा, नाही नेलं तर? तो पहिल्यापेक्षा भयंकर होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला दोघं निघाली. काकूंचा उजवा हात ओढणीखाली झाकलेला. त्या हातात डॉक्टरांनी दोन नसा जोडून एक जाड शीर तयार केली होती, डायलिसिसच्या सुया तिच्यातच जायच्या. बोट ठेवलं की आत थरथर लागायची. डाव्या हाताच्या नसा आधीच वाया गेल्या होत्या, त्यामुळे हा एकच हात उरला होता. या हातानं पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही असं बजावलेलं होतं.

गल्ली निभावली. पहिला चौक निभावला. काका खरं तर चांगलं चालवत होते, पाय जुनेच होते ना. पण पुलाचा चढ आला आणि पुढचा टेम्पो थांबला. पुन्हा निघताना पहिला पडला, दुसरा ओढायला गेले आणि पट्टा सटकला. गाडी न्यूट्रलमध्ये. मागे हॉर्नचा कल्लोळ. गाडी हातभर मागे गेली, काकांनी ब्रेक मारला, काकू पुढे आपटता आपटता राहिल्या. काकांनी उजवा हात स्टिअरिंगवरून काढून गियरकडे नेला, तर घाईत भलताच गियर पडून गाडी बंद पडली.

काकू त्या पट्ट्याकडे बघत होत्या. मग त्यांनी ओढणी बाजूला केली आणि गियरवर हात ठेवला.

"तुम्ही पायाचं बघा," त्या म्हणाल्या. "कुठं ढकलू ते सांगा."

"त्या हातानं नको!"

"मग कुठल्या हातानं? सांगा लवकर, मागचा माणूस खाली उतरलाय."

"पुढं. डावीकडं घेऊन पुढं."

काकांनी किल्ली फिरवली आणि गाडी निघाली. "आता सरळ मागं." दुसरा पडला. खरखर करत पडला, पण पडला. पूल ओलांडेपर्यंत काका सांगत होते, मागं, मधे आण, पुढं, आणि काकू ओठ दाबून ढकलत होत्या. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, पण ड्रायव्हरच्या शेजारी त्या आजच पहिल्यांदा बसल्या होत्या. मोठ्या रस्त्यावर चौथा अलगद पडला तेव्हा तशातही त्या म्हणाल्या, "हा कसा पडला? आता मलाही लोणीकाकू म्हणायला लावा डेपोत." काकांना हसूही आलं आणि हुंदकाही. दोन्ही त्यांनी आवरलं, कारण पुढे सिग्नल होता.

हॉस्पिटलच्या आवारात एकच जागा उरली होती, दोन गाड्यांच्या मधे, आणि तिथे गाडी उलटी लावायची होती. काका उजवा हात आडवा नेणार तोच काकूंनी ती कडी धरली. ती कडक होती. त्यांनी जोर लावला, नाही आली. दुसऱ्यांदा सगळं अंग घालून ओढली, ती सटकली आणि कोपराच्या वरचा भाग मधल्या हातटेकणीच्या कडेवर आपटला. त्यांनी हात परत ओढणीखाली घेतला. गाडी मात्र जागेवर बरोबर लागली.

वर सिस्टरनं हात पुढे घेतला आणि तिचं हसू गेलं. शिरेच्या बाजूला अंड्याएवढी सूज आली होती, निळसर. तिनं दोन बोटं ठेवली. हलवली. पुन्हा ठेवली. डोळे मिटून ऐकल्यासारखं केलं. काका पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, आणि त्यांना एवढंच कळत होतं की त्या दोन बोटांखाली काही थरथरलं नाही तर आपण बायकोला मारलं.

"आहे," सिस्टर बऱ्याच वेळानं म्हणाली. "चालू आहे. पण आज या सुजेत सुई घालता येणार नाही. या हातानं काय उचललंत, मावशी?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "दार ओढलं जरा जोरात."

डॉक्टर येऊन बघून गेले. बर्फ लावा, हात उंच ठेवा, पाणी अगदी मोजून प्या, उद्या सकाळी सातला आणा, तोवर सूज उतरायलाच हवी. रात्रीत दम लागला तर त्याच पावली घेऊन या.

दोघं खाली येऊन गाडीत बसली. बर्फाची पिशवी काकूंच्या हातावर. काकांनी किल्ली लावली नाही.

"चला," काकू म्हणाल्या आणि डावा हात आडवा नेत गियर धरायला लागल्या. "या हातानं टाकते."

काकांनी तो हात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. "तुला कळलं होतं?"

"तुमच्या शर्टाची खालची चार बटणं कोण लावून ठेवतं इस्त्री झाल्यावर? चार महिने शर्ट डोक्यातून घालताय, आणि वाटतंय मला दिसत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

काकूंनी डाव्या हातानं बर्फाची पिशवी दाबून धरली. "बोलले असते तर तुम्ही गाडी चालवली नसती," त्या म्हणाल्या. "मग मला कुणी आणलं असतं? मलाही मरायचं नाहीये हो."

लोणीकाका रडले. एकतीस वर्षांत स्टिअरिंगसमोर कधी रडले नव्हते. काकूंनी त्यांना रडू दिलं, कारण डोळे पुसायला त्यांच्याकडे हात शिल्लक नव्हता. मग काकांनी फोन काढला आणि मुलाला लावला. पहिल्यांदा कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, मागे यंत्रांचा नुसता धडधडाट.

"माझा डावा हात चालत नाही," काका म्हणाले.

"काय? मोठ्यानं बोला बाबा, काही ऐकू येत नाही!"

काकांनी काच खाली केली, जणू त्यानं आवाज लांब जाणार होता, आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "माझा डावा हात चालत नाही! चार महिने झाले!" आवारातला पहारेकरी वळून बघायला लागला. पलीकडच्या गाडीचा ड्रायव्हर टेकून उभा होता, तो सरळ झाला. फोनमधला धडधडाट हळूहळू मागे पडला, मुलगा बाहेर आला असावा.

"बाबा," तो म्हणाला. "मग ती गाडी... मला सांगायचं नाही का हो?"

"ते नंतर बोल. काय बोलायचंय ते घरी बोल." काकांनी बायकोच्या हातावरची घसरलेली पिशवी कोपरानं वर सरकवली. "आधी आम्हाला न्यायला ये. उद्या सकाळी सातला तिला परत इथं आणायचंय, आणि मला गाडी चालवता येत नाही."